आकाशातून जमीन मोजू या

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात धनेगाव नावाचे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर तेथे धरण बांधलेले आहे. लातूर शहर, केज, अंबाजोगाई, कळंब अशा अनेक गावांना याच धरणाचे पाणी मिळते. हे धरण पूर्ण भरले म्हणजे त्यात सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. वर्तमानपत्रात 'दलघमी' असे जे छापून येते ते हेच 'दशलक्ष घनमीटर'.

पण धरण नेहमीच भरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ते कोरडे पडले आणि लातूरला चक्क आगगाडीने पाणी आणावे लागले. तीनशेहून अधिक कि.मी. दूर असलेल्या मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात पोहोचली. प्रत्येक वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या, त्या एका खेपेत २५ लाख लिटर आणीत.

धरणात पाणी किती, ते किती वेगाने आटते, हे प्रश्न असे जिव्हाळ्याचे आहेत. त्यांची उत्तरे शोधायची तर आधी पाण्याचा पृष्ठभाग किती चौरस मीटर आहे हे कळले पाहिजे. आता हा तलाव ना आयत, ना वर्तुळ. ओढ्यानाल्यांच्या तोंडांत त्याचे पाणी हाताच्या बोटांसारखे पसरलेले. पाठ्यपुस्तकातले कोणते सूत्र त्याला लावणार? शेताचेही तसेच. चारी कोन काटकोन आहेत असे शेत शोधूनही सापडणे कठीण.

आज आकाशातून घेतलेले चित्र कोणालाही संगणकावर पाहता येते. इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. 'गूगल अर्थ'ही तुमच्या परिचयाचे असेल. अशा चित्रातील आकाराचे क्षेत्रफळ एका मोफत मिळणाऱ्या चित्रकलेच्या प्रणालीने कसे मोजायचे, हे आज आपण पाहू. तिचे नाव 'इंकस्केप'. मोजमाप संगणक करील. पण त्याने दिलेला आकडा खरा की खोटा, हे ठरविण्याचे काम मात्र तुमचेच आहे. ते कसे करायचे, हाच आपल्या आजच्या पाठाचा गाभा आहे.

ठिपक्यांचे चित्र आणि रेषांचे चित्र

रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतात. समजा, कोणी नुसते रंगीत ठिपकेच इतके दाट मांडले की दुरून फूल दिसावे. उपग्रहाचे किंवा ड्रोनचे छायाचित्र असेच असते. त्यातील प्रत्येक बारीक चौकोनाला एक रंग असतो, एवढेच. 'येथे तलाव आहे' हे त्या चित्राला ठाऊक नसते.

दुसऱ्या प्रकारच्या चित्रात ठिपक्यांचा ढीग नसतो. 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा' अशी नोंद असते. प्रत्येक बिंदूला क्ष आणि य असे दोन निर्देशक असतात. अशा चित्राला सदिश रेखाचित्र म्हणतात. ते कितीही मोठे केले तरी रेषा फाटत नाही. आणि बिंदूंचे निर्देशक माहीत असल्यामुळे लांबी व क्षेत्रफळ गणिताने काढता येते. इंकस्केप हे असे सदिश चित्र काढण्याचे साधन आहे. आपण ठिपक्यांच्या चित्रावर तलावाची किनार रेषेने गिरवायची, म्हणजे आकार संगणकाला 'कळतो'.

संगणक क्षेत्रफळ काढतो कसे?

ही काही जादू नव्हे. निर्देशक-भूमितीचा धडा आठवा. समजा, एका शेताचे चार कोपरे असे आहेत (निर्देशक मीटरमध्ये):

अ (०, ०), ब (९०, १०), क (१००, ७०), ड (२०, ८०)

लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंसाठी 'पहिल्याचा क्ष × दुसऱ्याचा य' वजा 'दुसऱ्याचा क्ष × पहिल्याचा य' काढा.

अ-ब : ० × १० − ९० × ० = ०
ब-क : ९० × ७० − १०० × १० = ५३००
क-ड : १०० × ८० − २० × ७० = ६६००
ड-अ : २० × ० − ० × ८० = ०

बेरीज ११,९०० आली. तिची निम्मी ५९५० चौ.मी., हेच शेताचे क्षेत्रफळ. असे का होते? अ पासून क पर्यंत कर्ण काढा. शेताचे दोन त्रिकोण होतील. ५३०० ची निम्मी २६५० हे एका त्रिकोणाचे आणि ६६०० ची निम्मी ३३०० हे दुसऱ्याचे क्षेत्रफळ. कोपरे चार असोत की चार हजार, रीत तीच. कोपरे चारच असले तर आपण कागदावर करतो, चार हजार असले तर संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो.

आता याच शेताला गावातली जुनी रीत लावून पाहा. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. आपल्या शेताच्या बाजू पायथागोरसच्या सिद्धान्ताने अनुक्रमे सुमारे ९०.५५, ६०.८३, ८०.६२ आणि ८२.४६ मी. येतात. सरासऱ्या ८५.५९ व ७१.६५ आणि गुणाकार सुमारे ६१३२ चौ.मी. म्हणजे खऱ्यापेक्षा १८२ चौ.मी. जास्त!

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, सुमारे १०१ चौ.मी. तेव्हा येथे पावणेदोन गुंठ्यांहून अधिक फरक पडला. आयत सोडून इतर चौकोनांत ही रीत नेहमी जास्तच क्षेत्रफळ दाखविते. जमीन विकणाऱ्याला ती आवडेल, घेणाऱ्याला नाही! ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात या रीतीने येणाऱ्या क्षेत्रफळाला 'स्थूल' म्हटले आणि त्याहून वेगळे 'सूक्ष्म' क्षेत्रफळाचे सूत्र दिले. स्थूल कोठे चालेल आणि सूक्ष्म कोठे हवे, हा विवेक तेराचौदाशे वर्षांपूर्वीचा आहे.

आता प्रत्यक्ष कृती

तलावाकडे वळण्यापूर्वी शाळेच्या मैदानापासून सुरुवात करा. कारण मैदानाचे उत्तर टेपने पडताळून पाहता येते.

१. 'गूगल अर्थ' किंवा 'भुवन'वर शाळेचे मैदान शोधा. चित्र सरळ वरून पाहिलेले असावे, तिरपे नको. कोपऱ्यात अंतर दाखविणारी प्रमाणपट्टी दिसत आहे ना, याची खात्री करा. मग पट्टीसह संपूर्ण पडद्याचे चित्र साठवून ठेवा.

२. इंकस्केप उघडून ते चित्र त्यात आणा आणि त्याच्या थराला कुलूप लावा, म्हणजे चुकून सरकणार नाही. यानंतर चित्र लहानमोठे करायचे झाल्यास पट्टीसह संपूर्ण चित्रच करा. दोन्ही बाजू एकाच प्रमाणात वाढल्या पाहिजेत.

३. नवा थर घ्या. पेनाच्या साधनाने प्रमाणपट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषा काढा.

४. त्याच साधनाने मैदानाच्या कडेकडेने बिंदू देत जा आणि शेवटी पहिल्या बिंदूवर येऊन आकृती बंद करा. जेथे कड वळते तेथे बिंदू जवळजवळ द्या, सरळ कडेला दोनच पुरेत.

५. रेषा निवडून 'एक्स्टेन्शन्स' या यादीतील 'व्हिज्युअलाइझ पाथ' आणि त्यातील 'मेजर पाथ' ही सोय उघडा. पट्टीसाठी 'लेंग्थ', म्हणजे लांबी, आणि मैदानासाठी 'एरिया', म्हणजे क्षेत्रफळ, निवडा. एकक मिलिमीटर ठेवा. तेथे प्रमाण विचारलेले असते, ते १ च राहू द्या. प्रमाणाचे गणित आपण स्वतः करू, म्हणजे ते समजेल.

समजा, ५० मीटरची पट्टी चित्रात ४० मि.मी. भरली आणि मैदानाचे क्षेत्रफळ ३८४० चौ.मि.मी. आले. आता जमिनीवर किती?

वर्गाचा विसर पडू देऊ नका

५० भागिले ४०, म्हणजे चित्रातील १ मि.मी. बरोबर जमिनीवरील १.२५ मी. इथवर सोपे आहे. बहुतेक चूक होते ती पुढच्या पायरीवर. ३८४० ला १.२५ ने गुणून ४८०० चौ.मी. असे उत्तर अनेकजण लिहितात. ते साफ चूक आहे.

चित्रातील एक चौरस मिलिमीटर डोळ्यांसमोर आणा. त्याची लांबी जमिनीवर १.२५ मी. आणि रुंदीही १.२५ मी. म्हणून त्याचे क्षेत्रफळ १.२५ × १.२५ = १.५६२५ चौ.मी. तेव्हा मैदान ३८४० × १.५६२५ = ६००० चौ.मी. लांबीला प्रमाणाने गुणावे, क्षेत्रफळाला प्रमाणाच्या वर्गाने.

याच नियमाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. प्रमाणपट्टी मोजताना ५ टक्के चूक झाली, तर क्षेत्रफळात ५ नव्हे, सुमारे १० टक्के चूक होते. कारण १.०५ × १.०५ = १.१०२५. म्हणून पट्टीवरची रेषा काढताना चित्र खूप मोठे करून, टोकाला टोक नीट जुळवून काढा. आकार गिरवायला दहा मिनिटे लावणारे विद्यार्थी पट्टीला दहा सेकंद देतात. खरे तर पट्टीलाच अधिक जपले पाहिजे.

आता टेप घेऊन मैदानावर जा. समजा, मैदान आयताकृती असून लांबी १०१.२ मी. आणि रुंदी ५९.८ मी. भरली. गुणाकार सुमारे ६०५२ चौ.मी. चित्रावरून आलेल्या उत्तराशी फरक एक टक्क्याहूनही कमी आहे. आता आपल्या हातावर आणि रीतीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शाळेत संगणक नसेल तर? चित्र छापून घ्या आणि पारदर्शक आलेख-कागद ठेवून चौकोन मोजा. निम्म्याहून अधिक व्यापलेला चौकोन धरा, निम्म्याहून कमी असलेला सोडा. किंवा चित्र जाड, एकसारख्या पुठ्ठ्यावर चिकटवा. आकार कापून घ्या, त्याच पुठ्ठ्याचा १० से.मी. बाजूचा चौरसही कापा, आणि दोन्ही सराफाच्या नाजूक काट्यावर तोला. वजनांचे जे गुणोत्तर तेच क्षेत्रफळांचे. १८५४ साली याकोब आम्सलर याने कडेवरून फिरवताच क्षेत्रफळ दाखविणारे 'प्लॅनिमीटर' हे सुटसुटीत यंत्र तयार केले. नकाशे मोजणारे अभियंते ते शंभराहून अधिक वर्षे वापरीत आले.

चित्र कोठे फसविते?

पहिली फसवणूक तिरपेपणाची. ड्रोनचा कॅमेरा सरळ खाली न पाहता तिरपा पाहत असेल तर जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसते. कॅमेरा उभ्या रेषेपासून २० अंश कलला, तरी जमिनीची एक बाजू सुमारे ६ टक्के आखडते.

दुसरी फसवणूक नकाशाची. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडताना ताण द्यावाच लागतो. महाजालावरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीने काढलेले असतात आणि त्यांत विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे सर्व काही फुगत जाते. केज सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, श्रीनगर ३४ अंशांवर. नकाशा तेवढाच मोठा ठेवून श्रीनगरला काढलेले प्रमाण केजच्या चित्राला लावाल, तर क्षेत्रफळ जवळजवळ २४ टक्क्यांनी कमी येईल. म्हणून प्रमाणपट्टी त्याच चित्रातली, त्याच जागेची हवी.

तिसरी गोष्ट उताराची. वरून पाहिलेले क्षेत्रफळ आडवे असते. सातबाऱ्यावरचे क्षेत्रही आडवेच मोजलेले असते. १५ अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत धरून १०० मी. मोजले, तर आडवे अंतर ९६.६ मी.च असते. म्हणून उतारावर टेप आडवा ताणून, टप्प्याटप्प्याने मोजतात.

चौथी गोष्ट आपल्या हाताची. गिरवताना रेषा स्वतःलाच ओलांडून गेली आणि इंग्रजी आठसारखा आकार झाला, तर एका भागाचे क्षेत्रफळ दुसऱ्यातून वजा होते आणि उत्तर भलतेच येते. तलावात बेट असेल तर ते निराळे मोजून वजा करा.

आता तलाव

युरोपच्या 'सेंटिनेल-२' या उपग्रहमालिकेची चित्रे मोफत मिळतात आणि त्यांवर तारीख असते. त्यांतील सर्वांत बारीक चौकोन जमिनीवर १० मी. × १० मी. एवढा असतो. म्हणजे १०० चौ.मी., बरोबर एक आर, जवळजवळ एक गुंठा. गुंठ्याचा हिशेब या चित्रावरून करू गेलात तर सारी जागा एकाच ठिपक्यात मावेल! पण मोठ्या तलावाला हे चित्र उत्तम.

समजा, तुमच्या चित्रात १ कि.मी.ची पट्टी २५ मि.मी. भरली. म्हणजे १ मि.मी. = ४० मी. आणि १ चौ.मि.मी. = १६०० चौ.मी. गिरवलेला तलाव १२,५०० चौ.मि.मी. भरला, तर पाण्याचा पसारा २ कोटी चौ.मी., अर्थात २० चौ.कि.मी. किंवा २००० हेक्टर झाला.

हा आकडा किती पक्का? तलावाचा परीघ ४० कि.मी. असेल आणि तुमची रेषा सगळीकडे एका ठिपक्याने, म्हणजे १० मी.ने बाहेर गेली असेल, तर चूक ४०,००० × १० = ४ लाख चौ.मी. म्हणजे २० चौ.कि.मी.त २ टक्के. तेव्हा उत्तर '२० चौ.कि.मी., दोन टक्के इकडेतिकडे' असे लिहावे. संगणक दशांशचिन्हापुढे पाच-सहा अंक दाखवील, ते सारे उतरवून घेण्यात शहाणपण नाही.

या आकड्याचा उपयोग पाहा. कडक उन्हाळ्यात तलावाची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला ८ मि.मी. खाली जाते असे धरू. २ कोटी चौ.मी. × ०.००८ मी. = १ लाख ६० हजार घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून १६ कोटी लिटर पाणी एका दिवसात हवेत जाईल. पन्नास वाघिणींच्या, २५ लाख लिटरच्या गाड्यांत हे पाणी भरायचे तर ६४ गाड्या लागतील. उथळ, पसरट तलावापेक्षा खोल आणि अरुंद साठा का परवडतो, हे यावरून उमगेल.

दोन तारखांची चित्रे घेतली तर आणखी एक गोष्ट कळते. समजा, पहिल्या दिवशी पसारा २० चौ.कि.मी. आणि काही आठवड्यांनी १६ चौ.कि.मी. भरला. पाण्याची पातळी मधल्या काळात दीड मीटर उतरली. पसाऱ्यांची सरासरी १८ चौ.कि.मी., तिला १.५ मी.ने गुणले की २ कोटी ७० लाख घनमीटर, म्हणजे २७ दलघमी पाणी कमी झाले. हा फरक पिण्याला, शेतीला आणि उन्हाला मिळून गेला. तलावाची किनार ही निसर्गाने आखलेली समोच्च रेषा आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

बांध आणि कागद

ड्रोनने जमीन मोजण्याचे काम आता सरकारही करते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत गावठाणातील घरांच्या जागांचे नकाशे ड्रोनच्या चित्रांवरून केले जातात. तेथे जमिनीवर खुणा आखून, त्यांचे निर्देशक अचूक ठरवून मग चित्र त्यांना जुळवितात. आपण शाळेत जे केले त्यात आणि या कामात हाच मोठा फरक आहे.

म्हणून एक सांगणे. बांधाची जागा पडद्यावरच्या रेषेवरून ठरवू नका. झाडाच्या सावलीने किंवा पट्टीवरच्या केसभर चुकीने एका शेजाऱ्याचा गुंठा दुसऱ्याकडे सरकतो आणि पिढ्यान्पिढ्यांचा सलोखा जातो. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी हाच मार्ग. तुमच्या मोजणीने मात्र बी किती लागेल, शेततळ्याचा पसारा किती, तुषारसंचाचे नळ किती हवेत, याचा अंदाज घरच्यांना खुशाल सांगा.

स्वाध्याय

१. चार कोपरे (०, ०), (८०, ०), (८०, ५०), (०, ५०) असलेल्या शेताचे क्षेत्रफळ निर्देशकांच्या रीतीने आणि गावातल्या जुन्या रीतीने काढा. दोन्ही उत्तरे सारखी का आली?

२. एका चित्रात १०० मी.ची पट्टी २० मि.मी. भरते. ६४८ चौ.मि.मी.च्या आकाराचे जमिनीवरील क्षेत्रफळ चौ.मी., हेक्टर आणि एकर यांत सांगा. (१ एकर = ४० गुंठे = सुमारे ४०४७ चौ.मी.)

३. एकच मैदान वर्गातील पाच जणांनी स्वतंत्रपणे गिरवावे. पाच उत्तरांची सरासरी काढा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उत्तरांत किती टक्के फरक पडतो?

४. तुमच्या गावाजवळच्या पाझर तलावाचा पसारा ऑक्टोबरच्या आणि मे महिन्याच्या चित्रावरून मोजा. दोन्ही उत्तरांपुढे 'इतके टक्के इकडेतिकडे' हे लिहायला विसरू नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : १६,२०० चौ.मी. = १.६२ हेक्टर = सुमारे ४ एकर. तुमचे उत्तर ३२४० आले असेल, तर 'वर्गाचा विसर पडू देऊ नका' हा भाग पुन्हा एकदा वाचा.